गुलाबावरचं गंधक

गंधकाची पुडी आणली सकाळी, आणि मारायला मुहूर्त काढला भर दुपारचा. गुलाबावर भुरी आली होती, म्हणजे कुणीतरी पिठाचे हात पानांना पुसावेत तशी पांढरी बुरशी. मी जुन्या मोज्यात गंधक भरलं, मोजा काठीला बांधला आणि झाडावर झटकत सुटलो. झाड पिवळं, मी पिवळा, दोरीवरचा शर्टही पिवळा.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती धारूरहून आईला घेऊन येत होती. सासूबाई तिथं एकट्याच. मागं त्या अंगणात पडल्यापासून बायकोला झोप नव्हती. बीडला आमच्याकडं आणलं तरी चार दिवसांत त्या परत जायला पिशवी भरायच्या. या खेपेला बायकोची सगळी भिस्त या गुलाबावर होती. त्यांच्याच अंगणातली काडी गुपचूप आणून तिनं आमच्या दारात जगवली होती. आपलं झाड दिसलं की आई रमेल, असा तिचा हिशेब.

"वडवणी सोडली आत्ता. आन ऐका, गुलाबाला हात लावू नका. काल मी निंबोळीचं तेल मारलंय. त्याच्यावर गंधक पडलं तर पानं जळतेत. उन्हात तर लईच."

"मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो आणि पिवळा हात पाठीमागं लपवला. फोनवर.

धावत नळी लावली. टाकीतलं पाणी चहा टाकावा इतकं तापलेलं. मग घरातला माठच उचलून आणला. झाडावर सावलीला चादर टाकली आणि पान न् पान अंगठ्यानं पुसू लागलो. काटे बोटांत शिरत होते, रस्त्यावर रिक्षा वाजली की मान वर करून बघत होतो. खालची पानं निभावली. शेंड्याच्या पानांच्या कडा मात्र डोळ्यांदेखत तपकिरी होत गेल्या. माठ संपला.

पुढची रिक्षा आमच्याच दारात थांबली.

सासूबाई घरात शिरल्याच नाहीत. चादर बाजूला करून त्यांनी एक पान चुरगाळलं, बोटं हुंगली आणि मला खालून वर पाहिलं.

"जावईबापू, गंधक?"

"भुरी होती..."

"भर उन्हात?"

"आई, आधी पाणी पी," म्हणत बायको आत गेली. रिकाम्या माठाच्या बुडाला तांब्या आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. सासूबाई पायरीवर बसून करपलेले शेंडे नखानं खुडू लागल्या. पिशवी अजून खांद्यालाच होती. मी त्या पिशवीकडंच बघत उभा. शेवटी त्या उठल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळानं बायको दारात आली.

"लई चिडलीय आई. म्हणली, झाड ह्यांच्या हाती सोडून मी कुठं बी जात न्हाई. लुगडी कपाटात लावायलीय. तुमी आता माठ भरा."