नऊचा फरक

त्याला कॉलनीत सगळे बिनलोखंडे म्हणायचे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. हे नाव पाडलं कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं, आणि पाडलं ते अगदी बरोबर पाडलं. ज्या माणसाला नोकरीपायी पँटची चेन चालत नाही, कमरेचा पट्टा चालत नाही, खिळ्याचा बूट चालत नाही, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? दर बुधवारी हा गृहस्थ नाडीची विजार आणि रबरी सपाता घालून सरकारी कामाला निघायचा, आणि बायको दारात उभी राहून म्हणायची, बघा, साहेब निघाले हापिसला. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट जरा ऐटच असायची चालण्यात.

काम होतं टेकडीवरच्या चुंबकीय वेधशाळेत. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण त्या चुंबकाचा जोर रोज किती भरतो हे कोणीतरी बसून मोजत असतं, हे कोणाच्या गावीही नसतं. सूर्यावर वादळ झालं की तिथून विजेनं भारलेले कण सुटतात, आपल्या हवेच्या पार वरच्या थरात त्यांच्यामुळे विजेचे प्रवाह वाहायला लागतात, आणि त्या प्रवाहांनी इथे खाली, जमिनीवर, चुंबकाची सुई हलते. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, पण सुईला कळतं. बायको म्हणायची, सूर्याला शिंक आली की आमच्याकडे पडसं ह्यांना होतं.

तळघरात एक यंत्र अहोरात्र चालू असे. ते चढउतार बिनचूक टिपायचं, पण शून्य कुठे हे त्याला ठाऊक नसायचं. दुकानातला तराजू असतो ना, रिकामा असतानाच तो थोडा झुकला तर वजनं कितीही काळजीपूर्वक करा, सगळी फसतात, तसलाच प्रकार. म्हणून आठवड्यातून एकदा माणसानं जाऊन ते शून्य ठरवायचं. त्यासाठी आवाराच्या टोकाला एक लाकडी खोली होती. तिच्यात खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, कडीसुद्धा पितळेची. मधोमध दगडी खांब, खांबावर दुर्बिणीचं यंत्र, आणि दुर्बिणीच्या पाठीवर बोटाएवढा सेन्सर. आकडे वाचायला डोळा लावायचा तिथून तो सेन्सर फक्त चार बोटांवर. म्हणजे माणसाच्या अंगावर टाचणीभर जरी लोखंड असलं, तरी तो पृथ्वी सोडून टाचणी मोजायचा.

म्हणून ह्याची तपासणी. खोलीपासून तीस पावलांवर एक दगडी बाक होता आणि बाकावर जुनं होकायंत्र. आत जाणाऱ्याची प्रत्येक वस्तू त्या होकायंत्राजवळून फिरवायची, आणि सुई जराशी जरी दचकली तर ती वस्तू बाहेर. एकदा मुख्य कार्यालयातून आलेल्या मोठ्या साहेबांना ह्यानं कोटासकट बाहेर बसवलं होतं, कोटाच्या आतल्या हुकापायी. साहेब लालबुंद झाले, पण हा ढिम्म हलला नाही. अठ्ठावीस वर्षं तो एकटा हे शून्य ठरवत आला होता, आणि त्याच्या आधीच्या निरीक्षकांची बत्तीस. साठ वर्षांच्या वार्षिक सरासऱ्या एका जाड वहीत ओळीनं लिहिलेल्या, एकही ओळ रिकामी नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि ती वही अशीच भरलेली पुढच्याच्या हाती द्यायची, एवढी एकच गोष्ट त्यानं मनाशी धरली होती.

तर झालं असं. एका मंगळवारी तो आणि बायको बसनं दवाखान्यातून परत येत होते. नदीच्या पुलावर ह्याला चष्मा पुसायची हुक्की आली. खिडकीशी बसून शर्टाच्या टोकानं काचा पुसतोय, तेवढ्यात बस खड्ड्यात आदळली, आणि चष्मा हातातून निसटून थेट पाण्यात. पूर्ण भरलेली नदी होती, शोधण्याचा प्रश्नच नव्हता. लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेला चष्मा होता तो, तीन वर्षांपूर्वी. बायको घरी पोचेपर्यंत बोलत होती, आणि ते रास्तच होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. त्यानं कपाटातून जुना, जाड काड्यांचा चष्मा काढला आणि कामावर गेला. नेहमीसारखे मोजणीचे चार फेरे घेतले, आकडेमोड केली, आणि कपाळाला आठ्या पडल्या. शून्य नऊनं सरकलं होतं. ह्या मोजमापाचं एकक आहे नॅनोटेस्ला. पृथ्वीचा सगळा जोर तिथे चाळीस हजारांच्या वर भरायचा, त्यात नऊ म्हणजे काहीच नाही असं तुम्ही म्हणाल. पण वर्षाकाठी तो जोर बदलायचाच मुळी पंचवीस-तीसनं, आणि ह्याचा हात एका आठवड्यात एकाहून जास्त कधी चुकला नव्हता. त्यानं पुन्हा चार फेरे घेतले. नऊच.

मग त्यानं आख्खं आवार पालथं घातलं. झुडपात माळ्याची बादली सापडली, ती लांब नेऊन ठेवली. कुंपणापलीकडे कोणी गाडी लावली होती, त्या माणसाशी हुज्जत घालून ती हलवली. खांब तपासला, खोलीतला प्रत्येक खिळा तपासला. नऊ काही हटेना. मुख्य कार्यालयात आकडे बघणाऱ्या एक बाई होत्या, तरुण, हुशार, त्याला काका म्हणायच्या. त्यांना फोन केला. यंत्र बिघडलं असेल, पाठवून द्या, असं त्या म्हणाल्या. पण यंत्राचा दोष नाही हे ह्याला आतून माहीत होतं. तीन दिवस जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही.

शनिवारी सकाळी चहा पिताना बायकोनं सहज विचारलं, की हा जुना चष्मा नाकाला खुपत नाही का तुम्हाला. त्यानं कप खाली ठेवला. चहा निवून गेला तरी तो उचलला नाही.

जुन्या चष्म्याचे स्क्रू पितळेचे होते. वेधशाळेच्याच कारागिरानं कधीकाळी बदलून दिलेले. लेकीचा चष्मा हलका, छान, काड्या बाहेर वाकल्या तरी परत जागेवर येणाऱ्या. म्हणजे बिजागरीत स्प्रिंग. म्हणजे पोलाद. आणि तो चष्मा नाकावर ठेवून, सेन्सरपासून चार बोटांवर, हा तीन वर्षं दर बुधवारी पृथ्वी मोजत बसला होता.

म्हणजे बिघाड आत्ता झालाच नव्हता. आत्ता तर तो बरा झाला होता. चुकलेली होती ती मागची तीन वर्षं. सोमवारी त्यानं नोंदवही काढून तीन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. दुर्बिणीचं यंत्र दुरुस्त होऊन परत आलं आणि लेकीचा चष्मा नाकावर आला, त्याच आठवड्यात शून्य सरकलं होतं, आणि समोर ह्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: दुरुस्तीमुळे फरक. कोणालाही तसंच वाटलं असतं हो. पण कोणालाही आणि ह्याला, ह्यात फरक नको? साहेबाच्या कोटाचा हुक पकडणारा माणूस हा. सगळ्या जगाच्या वस्तू होकायंत्रापाशी फिरवल्या, आणि तो चष्मा तेवढा फिरवला नाही.

चार दिवस तो गप्प बसला. ते चार दिवस त्याच्या खात्यावर मांडायचे असतील तर मांडा, मी लपवणार नाही. खांब खचला असं लिहिलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं, आणि बायकोनंही, नवऱ्याची दशा बघून, कोणाला कळणार आहे, असं म्हणून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यानं बाईंना सगळं खरं लिहून कळवलं. शेवटी एक विनंती केली: नऊ वजा करून तीन वर्षांचे आकडे सुधारून घ्यावेत.

बाईंचा फोन लगेच आला. त्याच तीन वर्षांत वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सौर वादळ होऊन गेलं होतं. वादळ ओसरल्यावर वरच्या हवेतले प्रवाह किती आठवड्यांनी पुरते निवले, ह्याचा अभ्यास बाई ह्याच वेधशाळेच्या आकड्यांवर करत होत्या, आणि त्यात सगळा खेळ त्या शून्याचा. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तीन वर्षं रोज नऊच होता, हे कशावरून.

चष्मा तर नदीच्या तळाशी होता.

आणि मग आशेचा किरण दारात आला, तोही कुरिअरनं. आईकडून चष्मा पडल्याचं कळल्यावर लेकीनं गुपचूप त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, अगदी तसाच चष्मा मागवून पाठवला होता. काडीवरचा नंबरसुद्धा तोच. डबा उघडल्यावर ह्यानं तो चष्मा छातीशी धरला. बायकोला वाटलं, लेकीच्या आठवणीनं. आता हा चष्मा घालून मोजायचं, नऊचा फरक आला की बाईंपुढे ठेवायचा, आणि वही बचावली. त्या दिवशी तो जवळजवळ पळतच टेकडी चढला.

तो चष्मा घालून त्यानं चार फेरे घेतले. फरक आला तीनचा. नवीन आहे, अजून भारला गेला नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग आठवलं, की रोज झोपताना चष्मा उशाच्या रेडिओवर ठेवायची त्याची सवय. रेडिओच्या कर्ण्यात चुंबक असतो. नवा चष्मा एक रात्र तसाच ठेवला: आठ. त्याच्या जिवात जीव आला. दुसऱ्या रात्री उलटा ठेवला: चार. तिसऱ्या रात्री आडवा: अकरा. आठवडाभर त्यानं तो चष्मा रेडिओवर दहा तऱ्हांनी ठेवून पाहिला आणि दहा आकडे मिळाले. तीन वर्षांतल्या हजारभर रात्रींतून कुठल्या मंगळवारी रात्री आपण चष्मा कसा ठेवला होता, हे कोण सांगणार? त्यानं तीसुद्धा खटपट केली, बरं का. बायकोला समोर बसवून विचारलं, की मी चष्मा साधारण कसा ठेवायचो, काचा वर का खाली. ती म्हणाली, आठवत नाही हो, आणि उठून आत गेली.

हे दहा आकडेही त्यानं बाईंना कळवले. न कळवून कुठे जातो. बाईंचा फोन आला.

"काका, आकडा चुकीचा असता तर सुधारला असता," त्या म्हणाल्या. "तो किती चुकीचा आहे, हेच आपल्याला माहीत नाही."

"पुन्हा मोजता आलं असतं तर..." तो म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाल्या.

पण काय मोजणार? धान्य कमी भरलं तर पोतं पुन्हा काट्यावर चढवता येतं. गेल्या वर्षीच्या बुधवारी वरच्या हवेत जे काही वाहून गेलं ते गेलं, ते आता कुठेच नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. तीन वर्षांच्या वार्षिक सरासऱ्या मागे घेण्यात येत आहेत, त्या कोणी वापरू नयेत. त्यानं जाड वही काढली आणि तीन ओळींवर पट्टी धरून स्वतःच्या हातानं रेघा मारल्या. तळघरातलं यंत्र टिपत राहिलं, त्याचं काहीच अडलं नव्हतं.

लेकीला हे कळू द्यायचं नाही, असं त्यानं बायकोला बजावलं होतं. पण बायको ती बायको. नवऱ्याचं जेवण तुटलेलं, चेहरा उतरलेला, आणि वर लेक दर रविवारी फोनवर विचारतेय, नवा चष्मा बाबा का वापरत नाहीत. एका रविवारी तिनं सांगून टाकलं. लेकीनं फोन बाबांकडे द्यायला लावला.

आधी ती यंत्राबद्दल, आकड्यांबद्दल विचारत राहिली. काहीतरी मार्ग असेलच, कॉम्प्युटरवर काढता येत असेल, मी कोणाला विचारू का, असं बरंच. तो प्रत्येकाला नाही, नाही म्हणत गेला. तिच्याकडचे उपाय संपले तेव्हा ती थांबली. एकोणतीस वर्षांची, शहरात एकटी राहणारी, कामात चोख अशी लेक ती. लहानपणी तिच्या केसांतल्या पिनासुद्धा त्या दगडी बाकावर काढून ठेवायला लावल्याशिवाय ह्यानं तिला खोलीच्या दाराशी येऊ दिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही सगळ्यांचं सगळं तपासता," ती म्हणाली. "मी दिलेला का नाही तपासला?"

त्याला खोटं सांगता आलं असतं. विसरलो म्हणता आलं असतं, घाई होती म्हणता आलं असतं. पण इतके दिवस खरंच सांगत आल्यावर जिभेला दुसरं वळण उरलं नव्हतं.

"नेला होता बाकापर्यंत," तो म्हणाला. "सुई हलली असती तर काढून ठेवावा लागला असता. म्हणून नाही फिरवला."

पलीकडून आवाज आला. तो रडण्याचा होता. बायको शेजारी उभी राहून, काय म्हणते, काय म्हणते, असं खुणेनं विचारत होती. फोन कानाला धरून तो बसून राहिला. त्याला तो ठेवताही येईना.