दुसरं कार्ड

कपाट उघडलं की जुन्या कॅमेऱ्याच्या चिकट झालेल्या रबराचा वास येतो आणि माझं डोकं आजही फिरतं.

नारायणगुड्याच्या हॉलमध्ये ताईचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू होती आणि आई पार दाराशी उभी, मुठीत अक्षता घट्ट धरून. विधवा ना! लेक तिची, आणि तीच दाराशी. मी तो विटेसारखा जड कॅमेरा तिच्याकडे वळवला. शटर खाडकन वाजलं, तशी शेजारी उभ्या काकांनी मान वळवली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आई दिसताच त्यांनी तो हिसकावला.

"शुभकार्यात हे नक्को," म्हणत डिलीटचं बटण स्वतः दाबलं. आईने मान खाली घातली.

त्या कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं बसायची आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरायचा. काकांनी एकावरचाच पुसला होता.

काल आईचं वर्षश्राद्ध झालं. भिंतीवर तोच फोटो आहे. काका हार घेऊन आले, फोटोसमोर उभे राहून डोळे पुसू लागले.

"वहिनी किती छान आल्यात रे! कधी काढलास?"

"तुम्ही डिलीट केलात ना, तोच आहे," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातला हार हिसकावून घेतला.