टाकीतल्या फळ्या

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या एका हुकमापायी एक माणूस मरता मरता वाचला. घरी मी हे कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा महापालिकेत कनिष्ठ अभियंता होते. धायरीत भराभर बंगले उठत होते. शेतांचे गुंठे पाडून विकलेले, रस्ते कच्चे, आणि ड्रेनेजची लाइन अजून पोचलेली नव्हती. म्हणून प्रत्येक घराला स्वतःची सेप्टिक टँक बांधावी लागे. ती आतून तपासून मी शेरा दिला, तरच घराला कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळे. टाकीवर स्लॅब टाकायच्या आधी आम्हाला बोलवायचं, असा नियम होता. लोक स्लॅब टाकून, वर माती ओढून मग बोलवत.

त्या दिवशीचं घर सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त हेडमास्तरांचं होतं. पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून ते इथे राहायला येणार होते. मुलगा वायटूकेच्या संगणकी कामावर अमेरिकेत होता, त्याच्याच पैशातून बंगला उभा राहिला होता. दहा दिवसांवर वास्तुशांत होती आणि तेवढ्यासाठी मुलगा येणार होता.

मी गेटपाशी लूना लावली. हेडमास्तर पुढे आले.

"साहेब मागून येतायत का?"

"मीच आलेय तपासणीला."

"अस्सं. आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणाले नव्हते. आता सांगितलं. ते माझ्यासाठी खुर्ची आणायला वळले होते, ते तिथेच थांबले. "बरं," म्हणाले, "टाकी मागच्या बाजूला आहे."

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील पोस्टात लागले, मी इंजिनियर झाले. तरी आडनावानंतरचं ते थांबणं मी लहानपणापासून ओळखत होते. माझी कानशिलं तापली. आता इथे एक रेघही इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं.

मागे ठेकेदार उभा होता. त्याने टाकीचं एक झाकण सरकवलं. मी वाकून टॉर्च मारला. स्लॅब ओतताना खालून आधाराला लावलेल्या फळ्या आणि टेकू सगळे आतच होते. तळाला हातभर काळं पाणी साचलं होतं. कुजक्या लाकडाचा वास आला.

"कधीपासून बंद आहे ही?"

"महिना झाला असेल मॅडम. फळ्या काढू की चार दिवसांनी. तुम्ही शेरा मारून टाका."

"आतल्या भिंती दिसत नाहीत. आत्ता काढा, मी थांबते."

"अहो बाई," हेडमास्तर म्हणाले, "टाकीत काय राजवाडा बांधलाय का, आतून बघायला?"

"मग राहू द्या. पुढची तारीख घ्या. पंधरा दिवसांनंतरची मिळेल."

त्यांनी ठेकेदाराला मानेनेच खूण केली. ठेकेदाराने सेंट्रिंगच्या, म्हणजे फळ्या-टेकू लावणाऱ्या, माणसाला हाक मारली. चाळिशीचा, काटक, अंगात फाटकं बनियन. त्याने आत शिडी सोडली, हातोडी कमरेला खोचली आणि उतरायला लागला.

कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई विहिरीवर धुणं धूत होती. ती एकदम ओरडली, "अवं, त्याला खाली सोडू नगा! म्हैनाभर झाकलेलं हाय ते! आदी कंदील सोडून बघा!"

"आज्जी, तुमचं धुणं बघा," ठेकेदार म्हणाला.

त्या क्षणी मला सगळं आठवलं. बंद जागेतली खराब हवा, ओलं लाकूड कुजताना संपत जाणारा प्राणवायू. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण मी हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर आपलाच शब्द मागे घ्यायचा? मी बोलले नाही.

त्याचं डोकं स्लॅबखाली गेलं. हातोडीचे दोन घाव ऐकू आले. एक फळी पाण्यात पडली. मग काहीच नाही.

"काय रे, झालं का?" ठेकेदाराने विचारलं.

खालून जड जिभेने काहीतरी आलं. शब्द कळले नाहीत. मी टॉर्च मारला. तो शिडीवरच होता, एक हात पायरीत अडकलेला, मान कलंडलेली. ठेकेदार आत पाय टाकायला गेला. तोवर ती बाई कुंपणाच्या तारेतून वाकून आत आली होती. तिने त्याचा सदरा मागून धरला. "तू बी मरशील! वरनंच वढा त्याला!"

मी जमिनीवर पालथी पडले. खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि श्वास रोखून त्याचं मनगट धरलं. माझ्या शेजारी कोणीतरी धपकन पडलं. हेडमास्तर होते. इस्त्रीच्या सदऱ्यासकट चिखलात आडवे. त्यांनी दुसरा हात धरला. ठेकेदाराने बनियन धरून ओढलं, ते फाटलं; मग काखेत हात घातले. स्लॅबच्या कडेला त्याची छाती खरवडत तो वर आला.

तो पडून होता. ओठ निळसर. मी त्याच्या छातीकडे बघत राहिले. ती हलली. मग तो खोकला, ओकला, आणि डोळे उघडून म्हणाला, "फळी राहिली एक."

बाईने घरून पेटता कंदील आणला आणि दोरीने आत सोडला. हातभर खाली जाताच तो विझला.

"माजा चुलता असाच गेला," ती म्हणाली. "आमच्या म्हायेरी धान्य जमिनीखाली ठेवत्यात, पेवात. उघडलं की लगेच उतरायचं नसतंय."

हेडमास्तरांच्या हनुवटीला चिखल लागला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला. दरवर्षी सातवीला करून दाखवायचो."

मी रिक्षा बघायला रस्त्याकडे धावले.

त्या माणसाला रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याला घरी सोडलं. कचेरीत परतून मी शेरा लिहिला, 'आतील तपासणी झाली नाही. माझ्या सूचनेवरून कामगार आत उतरला व गुदमरला.' साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मेलं का कोणी?"

"नाही."

"मग हे वाक्य कशाला? स्वतःच्याच पायावर धोंडा?"

मी खोडलं नाही. त्यावर मला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि पुढची बढती एक वर्ष लांबली.

टाकीची दोन्ही झाकणं आठवडाभर उघडी ठेवायला लावली. हेडमास्तरांनी भाड्याने ब्लोअर आणून दिवसभर आत हवा सोडली. उरलेल्या फळ्या वरूनच लांब आकड्याने ओढून काढल्या, आत कोणी उतरलं नाही. मी बाहेरूनच आरसा आणि टॉर्च धरून भिंती तपासल्या. काम चोख होतं. सर्टिफिकेट मिळालं, पण वास्तुशांतीनंतर. मुलगा तोवर परत गेला होता. त्याबद्दल हेडमास्तर मला एक शब्दही बोलले नाहीत. या दुसऱ्या तपासणीलाही त्यांनी मला खुर्ची दिली नाही. तेही माझ्याबरोबर उभेच राहिले.

कंदील हा खात्रीचा उपाय नाही, उलट वापरातल्या टाकीत तो स्फोटही घडवू शकतो, हे मी पुढे शिकले. तेव्हापासून माझ्या हद्दीत फळ्या आत ठेवून बंद केलेली टाकी दिसली की मी वरून स्लॅब फोडून त्या काढायला लावायचे. लोक शिव्या देत.

तो माणूस मला दोन महिन्यांनी हडपसरला एका इमारतीच्या कामावर दिसला. मी त्याची माफी मागितली. तो ओशाळला. मी म्हटलं, "आता टाकीत उतरू नका."

"मॅडम, आमच्यातला एक मागच्या पावसाळ्यात असाच टाकीत गेला की," तो म्हणाला. "पण ठेकेदार उतर म्हणतो. नाही उतरलो, तर फळ्या कोण काढणार?"

वरून त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो गेला.