काचेपुढच्या काथ्याच्या दोऱ्या

मुलांनो,

परवा पाठवलेल्या फोटोत वाचनालयाच्या मोठ्या काचेबाहेर दोऱ्या लोंबताना पाहून तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तिथे वाळत काय घालणार आहेस? फोनवर उरकण्यासारखं ते उत्तर नाही. यंदा गुडघ्यांमुळे मला शिडीवर चढायला बंदी आहे. दोऱ्या दुसरे लोक बांधताहेत आणि मी खुर्चीत बसून नुसत्या सूचना करते, ज्या कोणी ऐकत नाही. म्हणजे लिहायला वेळ आहे.

तुमचे आजोबा रोज सकाळी वाचनालयात वर्तमानपत्र घेऊन बसत आणि उजेड नाही म्हणून कुरकुरत. ते गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे तुमच्या बाबांच्या काकांनी, वाचनालयाची मागची भिंत काढून तिथे जमिनीपासून छपरापर्यंत काच बसवून दिली. काचेपलीकडे वाडी आहे. सुपारी, नारळ, जायफळ, आणि पोफळींच्या अंगावर चढलेल्या मिरीच्या वेली. पहिल्या दिवशी त्या खोलीत बसले तेव्हा वाटलं, हे पाहायला तुमचे आजोबा हवे होते. वाचनालयाची कार्यवाह मीच, त्यामुळे ती काच लख्ख ठेवणं हे मी माझं काम मानलं. जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसून घ्यायची. डाग म्हणून राहू द्यायची नाही.

पुढच्या वैशाखाच्या शेवटी, पावसाआधी हवा जड होते त्या दिवसांत, वाचनालय झाडणाऱ्या मावशी सकाळी माझ्या दारात आल्या. पदरात काहीतरी होतं.

"बाय, काचंखाली पाखरू मेलंय. पोपट न्हाय. पन रंग बघा."

मी पदर बाजूला करून पाहिलं. मुठीएवढा पक्षी. पाठ हिरवी, छाती पिवळसर, डोळ्यावरून काळी पट्टी, पंखावर निळ्या रेशमाचा तुकडा लावावा तसा डाग, शेपूट जवळजवळ नाहीच, आणि तिच्याखाली कुंकवासारखा लाल. सत्तरी ओलांडलेली बाई मी, आयुष्य या वाडीत गेलं, आणि हा पक्षी मी कधी पाहिला नव्हता. त्याची शीळ मात्र दर पावसाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकत आले होते. दोन सुरांची, स्वच्छ. ती याची, हे नंतर पुस्तकात वाचलं.

वाचनालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं नाव सापडलं: नवरंग. हिवाळा दक्षिणेकडे, कोणी थेट सिंहलद्वीपातही काढतात, आणि पाऊस जवळ आला की आपल्या झाडोऱ्यात घरटी करायला येतात. प्रवास रात्रीचा. एवढासा जीव अंधारातून इतका लांब येतो, आणि शेवटी आमच्या पुसलेल्या काचेवर आपटतो.

त्या आठवड्यात आणखी सापडले. समितीची बैठक घेऊन आम्ही आतून पडदे लावायचं ठरवलं. मी कापड आणलं, शिवून घेतलं, इस्त्री करून टांगलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थड्ड असा आवाज. पडदे इतके नीट लावले होते की मला पक्ष्याचाच राग आला. तशीच चपला घालून वाडीत गेले आणि पहिल्यांदाच बाहेरून त्या काचेकडे वळून पाहिलं.

काच नव्हतीच तिथे. दुसरी वाडी होती. त्याच पोफळी, त्याच वेली, वर भरून आलेलं आभाळ, आणि त्यात खूप आत उभी असलेली एक पांढऱ्या केसांची बाई. वाऱ्याने झावळी हलली तशी आतलीही हलली. पडदा कुठे दिसतच नव्हता. रात्रभर उडून आलेल्याने तिथे का शिरू नये? मीसुद्धा शिरले असते. 

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरच्या अंगाने दोऱ्या सोडा, दोन दोऱ्यांत तळहाताहून जास्त फट नको, आणि त्या दिवसांत ओसरीवरचे दिवे बंद ठेवा, रात्री उडणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात. मी काकांना मुंबईला फोन केला, कारण काच त्यांची.

"वहिनी, दादासाठी दिलेली काच आहे ती," ते म्हणाले. "पानाच्या टपरीवर पुड्यांच्या माळा लटकतात तशी दिसेल."

मी म्हटलं, येऊन बघा तरी. पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, ते आले. दिघीला फेरीबोटीतून उतरल्यापासून एकच पालुपद: मी दोऱ्या लावू देणार नाही. सकाळी चहाचा कप घेऊन ते वाडीत, काचेजवळच्या बाकावर बसले. 

आवाज झाला तेव्हा त्यांच्या कपातला चहा सांडला. पक्षी त्यांच्या पायाशीच पडला होता, पण डोळा उघडा होता. ते वाकले आणि दोन्ही हातांनी त्याला उचललं. पक्ष्यांच्या अभ्यासक बाई म्हणाल्या होत्या, पाणी पाजू नका, अंधारात शांत ठेवा. मी चपलांचा रिकामा खोका आणायला धावले. परत आले तर ते तसेच उभे होते, ओंजळ छातीशी धरून, देवाचा प्रसाद घ्यावा तशी. हळूच म्हणाले, याचं काळीज हाताला लागतंय.

खोका मांडीवर घेऊन ते बसून राहिले. चहा नको, नाश्ता नको. मधूनच म्हणाले, दादाला दाखवायला हवा होता. बऱ्याच वेळाने आत खुडबुड झाली. त्यांनी वाडीकडे तोंड करून झाकण काढलं. नवरंग क्षणभर काठावर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं, आणि जमिनीलगत उडत जायफळीच्या सावलीत गेला. निळा डाग लकाकला तेवढाच.

काका रिकामा खोका घेऊन उठले. मग म्हणाले, "वहिनी, घरात सुंभ आहे?"

नारळाच्या काथ्याची दोरी आपल्याकडे नसेल असं कधी होतं का? होती तेवढी त्यांनी स्वतः तोडली, फट तळहाताने मोजत बांबूला बांधली आणि बांबू छपराच्या कडेला टांगला. उरलेली म्हसळ्याच्या बाजारातून आणली. संध्याकाळी आत येऊन आजोबांच्या खुर्चीत बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. उजेडाबद्दल काही बोलले नाहीत. वाचत बसले.

तेव्हापासून वैशाख सरत आला की आम्ही जुन्या दोऱ्या उतरवतो, कुजलेल्या बदलतो, ओसरीचे दिवे मावशी तिन्हीसांजेला आठवणीने बंद करतात. एखादा नवरंग अजूनही कधी आपटतो. क्वचित.

काच जागेवर आहे. तुमच्या आजोबांची खुर्ची आहे. आज पहाटे वाडीत ती दोन सुरांची शीळ होती.