चूलबंद आवतन

दाराशी उभं राहायचं, पदर डोक्यावर सारखा करायचा, ताटलीतले कुंकवात भिजवलेले ज्वारीचे दाणे उंबऱ्यावर ठेवायचे आणि ठसक्यात म्हणायचं, "चूलबंद हाय बरं का! मागनं कुरकुर नगं." म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आष्टीत लग्न कुणाचंही असो, बायकांना आवतन द्यायला याच यायच्या. मारुतीच्या पूजेचं काम त्यांच्या घराकडे आणि त्याच्याबरोबर हे आवतनाचंही. सगळं गाव त्यांना गुरवीणबाई म्हणायचं.

निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं. मी लग्न होऊन आष्टीत आले आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. बाईंचं बोलणं असं की समोरच्याने खाली बघावं. पण आवतनाचा क्रम कधी चुकायचा नाही. आधी देव, मग पाटील, मग बाजाराकडची मारवाड्यांची घरं, मग आमच्यासारख्या गल्ल्या. एखादं घर राहिलं तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत चालायचा, तुम्हाला ठाऊकच असेल.

त्यांच्या सुनेला मी वैनी म्हणायचे. बाईंनी लेकासाठी स्वतः पाहून आणलेली पोर. पण घरात आल्यापासून तिच्या वाट्याला एक बरा शब्द आला नव्हता. भाकरी पातळ झाली तर का पातळ, जाड झाली तर का जाड. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, वैनी राबते हो फार." तर माझ्यावरच उलटल्या, "तू गप बस. तुला काय कळतंय?" वैनी नदीवर धुणं आपटता आपटता मला म्हणायची, "मला दुसरं काई नगं गं. एक डाव त्यांच्या तोंडून बरं ऐकायचंय."

पहिली चूक झाली तेव्हा आम्ही हसलो, खरं सांगते. सकाळी आवतन देऊन गेल्या आणि दुपारी त्याच लग्नाचे दाणे घेऊन परत दारात. "बाई, दोनदा जेवायला येऊ का?" म्हटलं, तर त्याही हसल्या. मग एकदा पाटलांचंच घर राहिलं. मांडवात पाटलीणबाई दिसेनात म्हटल्यावर वरमाई धावत गेली, पाया पडून त्यांना घेऊन आली. गुरवीणबाई मात्र ठाम. "दिलंय म्या. बराबर दिलंय!" त्यानंतर मेलेल्यांना आवतनं जायला लागली. एका मारवाड्याच्या दारात उभ्या राहून त्या शेठाणीला हाका मारत होत्या. शेठाणी जाऊन वर्ष उलटलं होतं. तिच्या मुलाने डोळे पुसले, दाणे घेतले आणि म्हणाला, "हो मावशी, पाठवतो."

तेव्हा आमच्याकडे या दुखण्याला नाव नव्हतं. कुणी म्हणे चळ लागला, कुणी म्हणे बाहेरचं आहे. परतूरच्या हकिमाने नाडी धरून सांगितलं, "दिमाग कमजोर हुआ है. बादाम खिलाओ." वैनीने बदाम उगाळून चाटवले. पुढे फार वर्षांनी शहरात एका डॉक्टरीणबाईंनी मला अल्झायमर हे नाव सांगितलं. आधी कालचं जातं, मग परवाचं, जुनं सगळ्यात शेवटी, असं त्या समजावत होत्या. मी म्हटलं, "माहीत आहे हो. मी भिंतीपलीकडून पाहिलंय सगळं."

आवतनाचं काम त्यांच्या जावेकडे गेलं, तरी बाई निघायच्याच. लग्न नसायचं, ताटलीत कधी दाणे असायचे, कधी चुलीतली राख. आमचं गाव एरवी काय कमी भांडकुदळ होतं? पण "लग्नच नाही" असं त्यांना एकाही दारातून कुणी ऐकवलं नाही. "येतो बाई," म्हणायचे आणि हात धरून घरी आणून सोडायचे. त्यातच निजामाच्या माणसांच्या दहशतीचे दिवस आले. दिवेलागणीआधी दारं लागायची आणि बाई घरात दिसल्या नाहीत की वैनीचा जीव टांगणीला लागायचा.

मग लुगडं नेसायचं विसरल्या. घास तोंडात धरून बसायच्या, गिळायचं सुचायचं नाही. पोटच्या लेकाला "कोण पावणं?" म्हणून विचारलं, तेव्हा तो एवढा मोठा गडी देवळात जाऊन रडला. वैनी त्यांना न्हाऊ घालायची, भरवायची, वेणी घालायची आणि मला म्हणायची, "मला इसरायच्या आत एकदा बोलल्या पायजेत गं. मंग काई का होईना." पण तेही गेलं. बाई तिला "ओ बाई" म्हणायला लागल्या. त्या दिवशी वैनी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "संपलं," एवढंच म्हणाली.

बाई जायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. मी ताक मागायला वैनीकडे गेले होते, ती भाकरी थापत होती. बाई मागच्या दाराने कधी बाहेर पडल्या कळलंच नाही. पुढच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्याच घराच्या. हातात काही नव्हतं, रिकामी मूठ तेवढी पुढे केलेली.

"हाय का कुणी घरात?"

वैनी पिठाच्या हातांनी उठली. "हाय की. या, बसा."

"बसायला येळ न्हाई. माझ्या लेकाचं लगीन काढलंय. समद्यांनी यायचं."

मीच विचारलं, "नवरी कुठली, बाई?"

"हसनाबादची." हसनाबाद हे वैनीचं माहेर. बाई वैनीच्या जवळ सरकल्या, आवाज बारीक केला. "लई गुणाची पोर हाय. माझ्या घराचं सोनं करंल बघा. पर तिला सांगू नगा हां. सासू हाय मी तिची."

"न्हाई सांगत," वैनी म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यात पडून अशी रडली की बाईच घाबरल्या. "अगं, रडून राह्यलीस कामून?" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, ओळख ना पाळख अशा त्या बाईच्या.