कवड्यांची माळ

तुळजापुरात दुकानाबाहेर टांगलेल्या कवड्यांच्या माळा वाऱ्यानं वाजल्या, की अजून मला कॉलेजातला एक दिवस आठवतो. समाजकार्याच्या पदवीला असताना जळकोटजवळच्या एका गावात मी एकटीच सर्वेक्षणाला गेले होते. कॉलेज मिशनचं, म्हणून गळ्यातल्या ओळखपत्रावर क्रूस होता. पारावरच्या माणसांनी तो पाहिला आणि मला घेरलं. "बाटवायला आलीस व्हय?" मी ह्याच जिल्ह्यातल्या वाशीची, आमच्या देव्हाऱ्यातही भवानीच, पण ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेवढ्यात देवीची गाणी म्हणत जोगवा मागणारी एक म्हातारी आराधीण गर्दीत घुसली. स्वतःची माळ माझ्या गळ्यात घालून तिनं ओळखपत्र झाकलं. देवीची माळ बघून माणसं मागं सरली, आणि मनगट धरून तिनं मला थेट स्टँडवर आणलं. कवड्या मानेला गार लागत होत्या. बस आली तशी तिनं माळ काढून घेतली. "लेकरा, फुडच्या गावात म्या न्हाय. त्ये गळ्यातलं आत घाल." आजही नव्या गावात शिरताना माझा हात आधी गळ्याकडं जातो.