लिफ्टवाल्यांची परिषद आणि आवकबाई

नगरपालिकेच्या कचेरीत तिला सगळे आवकबाई म्हणत. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी तिच्या टेबलावर यायचा. ती शिक्का मारायची आणि मग तो ज्याच्या नशिबात असेल त्याच्याकडे रवाना व्हायचा. जाणारे कागदही तीच नोंदवायची, पण बाईमाणसाला जावकबाई म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आवकबाई.

नोकरीभर तिने एकच नियम पाळला होता. आपण होऊन पुढे व्हायचं नाही. पुढे होणाऱ्याच्या गळ्यात धोंड पडते आणि मागे राहणाऱ्याला चहा मिळतो, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. पण माणसाने कितीही सांभाळून पावलं टाकली तरी दाढ काही विचारून दुखत नाही. त्या दिवशी ती सकाळी दाढ काढून आली आणि तोंडात कापसाचा बोळा धरून तशीच बैठकीला जाऊन बसली.

साहेब परिपत्रक वाचत होते. सरकारने नवी योजना काढली होती. जे गाव बाहेरच्या लोकांची मोठी परिषद भरवेल, त्याला अनुदान मिळणार होतं. पाहुणे येतील, राहतील, खातील-पितील, खरेदी करतील, गावाचं भलं होईल. अट एकच, पाहुण्यांचा मुक्काम गावातच हवा.

"तर या कामासाठी एक माणूस लागेल," साहेब म्हणाले. सगळ्यांनी एकदम आपापल्या चहात काहीतरी पडलंय का ते पाहिलं. साहेबांची नजर फिरत फिरत आवकबाईवर आली. "बाई, तुमची काही हरकत?"

मी नाही, मला नाही, अशा अर्थाने बाईने जोरजोरात मान हलवली.

"हरकत नाही म्हणतात. छान!" साहेबांनी नाव लिहून टाकलं. बाई "म्म्म! म्म्म!" करत राहिली. शेजारचा लेखापाल म्हणाला, "बघा, किती उत्साह आहे."

घरी नवऱ्याने हे ऐकलं आणि तो हसून हसून खोकायला लागला. तो एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. "अगं, आपल्या गावात कोण येणार? माझ्या बसमधले लोक इथे उतरायचे ते फक्त पुढची गाडी पकडायला! तेवढ्या वेळात ते गावाकडे पाठ करून उभे राहायचे."

"मग मी काय करू?"

"काही नाही. पत्रं पाठव. कोणी येणार नाही. योजना आपोआप मरेल. सरकारी योजनेला मारायला कोणी लागत नाही."

बाईला हे पटलं. ती साहेबांनी सांगितलेली पत्रं पाठवू लागली. साहेबांच्या पत्रात गाव निसर्गरम्य असायचं, इतिहासाच्या पाऊलखुणांनी नटलेलं असायचं. गावात निसर्ग म्हणजे एक कालवा आणि इतिहास म्हणजे बंद पडलेली सूतगिरणी. दातांचे डॉक्टर, चष्मेवाले, खतवाले, सगळ्यांनी आभारपूर्वक नकार कळवला.

मग साहेब आठवडाभर रजेवर गेले. यादीतली शेवटची संस्था उरली होती, लिफ्ट बनवणाऱ्यांची. पत्र कोण सांगणार? बाईने स्वतःच लिहिलं. लिहिताना तिला निसर्गरम्य शब्द काही हाताला येईना. तिने जे होतं ते लिहिलं: 'आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही. एक सभागृह आहे, खुर्च्या बऱ्या आहेत. बिस्किटांचा कारखाना असल्यामुळे सकाळी हवेला चांगला वास येतो. कळावे.'

चौथ्या दिवशी फोन आला. लिफ्टवाल्यांचे चिटणीस बोलत होते. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, आणि भारावलेला. "बाई, खरंच तुमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही?"

बाईला वाटलं, आता हे चौकशी लावणार. "नाही हो. खरंच नाही. मी जन्मापासून इथे आहे."

"डोंगर? धबधबा? एखादा किल्ला?"

"कालवा आहे. पण त्यात पाणी नसतं."

"मग आम्ही येतो!" चिटणीस म्हणाले. "मागच्या वर्षी आम्ही समुद्रकिनारी परिषद घेतली. दुपारच्या सत्राला सभागृहात वक्ता आणि अध्यक्ष, असे दोघंच होते. त्यातले अध्यक्ष चहाला म्हणून गेले ते ओली चप्पल घेऊन परत आले. त्याआधीच्या वर्षी डोंगरावर गेलो होतो, तेव्हा तर वक्ताच हरवला. यंदा मला माणसं खुर्चीत बसलेली हवी आहेत."

साहेब रजेवरून आले तेव्हा परिषद ठरलेली होती. त्यांनी बाईचं अभिनंदन केलं, आणि त्यांचा चेहरा किंचित पांढरा पडल्याचं फक्त शिपायाच्या लक्षात आलं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. गावात लॉज दोनच. त्यातल्या एकाचा मालक पाहुणे येणार म्हटल्यावर घाबरला, कारण त्याच्याकडे सलग दोन रात्री कोणी राहिलं नव्हतं. उरलेल्या पाहुण्यांना घराघरांत ठेवायचं ठरलं. बाई दारोदार फिरून पलंग आणि उशा विचारू लागली. इतकी वर्षं कागदांवर शिक्के मारलेली बाई, पण लोकांच्या घरात जाऊन "तुमचं न्हाणीघर दाखवा" म्हणताना तिला कुठून कोण जाणे धीर आला. एका घरी आजोबांनी विचारलं, "पाहुणे घोरतात का?" बाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही घोरता का, हे त्यांनी विचारलेलं नाही." आजोबांनी मुकाट्याने खोली दिली.

तिच्या घरीही दोन पाहुणे येणार होते. "मी माझा पलंग देणार नाही," नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पलंग घासून पुसून उन्हात ठेवताना दिसला.

मग चिटणीस सभागृह पाहायला आले. काडीसारखे म्हातारे गृहस्थ. खुर्च्या त्यांना आवडल्या. वरच्या मजल्यावर दुसरा हॉल आहे म्हटल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "लिफ्ट कुठे आहे?"

"लिफ्ट कशाला? जिना आहे की," बाई म्हणाली.

लग्नघरात कोणीतरी वाईट बातमी आणावी तसा चेहरा करून चिटणीस परत गेले. पंधरवड्यात संघटनेने ठरवलं की गावाला एक लिफ्ट भेट द्यायची. एका सभासदाने मशीन दिलं, दुसऱ्याने दरवाजे, तिसऱ्याने वायरी, चौथ्याने बटणं, पाचव्याने आतला आरसा. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, एवढाच तिचा प्रवास. पण झळाळी अशी की सभागृह तिच्यापुढे गोठ्यासारखं दिसू लागलं.

उद्घाटनाचा दिवस आला. साहेबांनी नवा कोट घातला होता. पाहुण्यांनी हॉल गच्च भरला होता, आणि बाहेर जाऊन पाहण्यासारखं काही नसल्यामुळे सगळे जागेवर होते. चिटणीस हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहत होते. बाईच्या हातात तबक, तबकात कात्री. साहेबांनी लिफ्टच्या दाराची फीत कापली, टाळ्या पडल्या. आता साहेबांनी लिफ्टने वर जायचं, वरच्या सज्जातून हात हलवायचा आणि तिथूनच भाषण करायचं, असा कार्यक्रम होता. साहेब आत गेले. तबक कुठे ठेवावं हे न सुचून बाईही त्यांच्या मागोमाग आत गेली. दार लागलं, लिफ्ट सुरू झाली, माणूसभर वर गेली आणि थांबली.

पहिला क्षण कोणालाच काही वाटलं नाही. मग आतून साहेबांचा आवाज आला, "झालं का?"

देशभरातले लिफ्टवाले त्या वेळी त्या एका हॉलमध्ये होते. याहून सुरक्षित जागी लिफ्ट बंद पडणं शक्यच नव्हतं. निदान पाच मिनिटं सगळ्यांची तशी समजूत होती. मग मशीनवाला म्हणाला, "मशीन उत्तम आहे. दरवाज्याचा दोष आहे." दरवाजेवाला म्हणाला, "दरवाजा बंद झालाय ना? मग त्याचं काम संपलं. वायरी बघा." वायरीवाल्याने बटणांकडे बोट दाखवलं. बटणवाला म्हणाला, हात लावाल तर हमी रद्द होईल. बघता बघता हॉलचे दोन तट पडले. आरसेवाला तेवढा शांत होता, कारण आरशावर कोणीच आळ घेत नव्हतं.

आत साहेब खाली बसले होते. कोट उतरवला होता. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला बंद जागेची भीती वाटते. लहानपणापासून."

"मग आत कशाला आलात साहेब?"

"उद्घाटक मीच ना!" त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. "तुम्हाला खरं सांगू? ही परिषद मलाही नको होती. वर मोठ्या कचेरीत बैठक होती. गावांची नावं ठरवताना मी हात धुवायला गेलो होतो. परत येतो तर सगळे माझं अभिनंदन करतायत."

बाईला हसू आलं, पण ती हसली नाही. माणूस खरोखर थरथरत होता. तिने तबक खाली ठेवलं आणि त्यांचा हात धरला. तिच्या मुलीला लहानपणी विजांची भीती वाटायची, तेव्हा ती असाच धरायची.

"बाई, माझा हात सोडू नका," साहेब म्हणाले.

इकडे हॉलमध्ये काय झालं होतं, ते या दोघांना माहीत नव्हतं. आतल्या माणसांना धीर द्यावा म्हणून माइकवाल्याने माइकची दांडी लांब करून दाराच्या फटीशी लावली होती. माइक चालू होता. 'बाई, माझा हात सोडू नका' हे वाक्य चारही भोंग्यांतून सभागृहभर, आणि बाहेर लावलेल्या दोन भोंग्यांतून चौकभर गेलं.

हॉलमधलं भांडण जागच्या जागी थांबलं. सगळे वळून तिसऱ्या रांगेकडे पाहू लागले. तिथे बाईचा नवरा बसला होता. तो सावकाश उभा राहिला. आयुष्यभर भरल्या बसमध्ये ओरडून कमावलेल्या आवाजात तो गरजला, "अगं, सोडू नकोस त्यांचा हात! घट्ट धर! आणि त्यांना कोपऱ्यात टेकून बसव!"

हॉलमध्ये अशा टाळ्या झाल्या की उद्घाटनालाही झाल्या नव्हत्या.

बंद दाराआड शब्द नीट कळले नाहीत, नुसता गलका आणि टाळ्या ऐकून साहेब आणखी घाबरले. "हे काय? लोक काय करतायत?"

"तुमच्या भाषणाची वाट बघतायत," बाई म्हणाली. "सांगा ना साहेब, काय सांगणार होतात. मी ऐकते." रोज पत्राचा मजकूर सांगताना साहेबांचा श्वास कसा संथ चालतो, हे तिला ठाऊक होतं. साहेबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. निसर्गरम्य वगैरे पहिल्या दोन वाक्यांतच संपलं, कारण पुढचं त्यांना आठवेना. मग ते मनातलं बोलू लागले. आमचं गाव साधं आहे, म्हणाले. इथे कोणी मुद्दाम येत नाही. तुम्ही आलात, लोकांनी तुमच्यासाठी पलंग रिकामे केले, मला स्वतःला वाटलं नव्हतं की करतील. हे सगळं या बाईंनी केलं. मी फक्त सह्या केल्या.

बाहेर चिटणीस डोळे पुसत होते. पुसता पुसता त्यांची नजर खाली गेली आणि दाराच्या खाचेत त्यांना काहीतरी लाल दिसलं. कापलेल्या फितीचा तुकडा सुटून आत अडकला होता. त्यांनी तो चिमटीने ओढला, आणि लिफ्ट कुरकुर न करता वर गेली. साहेबांनी सज्जातून हात हलवला. दुसरा हात अजून बाईच्या हातात होता.

मशीनवाले आणि दरवाजेवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. दोष कोणाचाच नव्हता. दोष फितीचा होता!

तीन दिवस परिषद उत्तम झाली. बाईच्या घरचे दोन पाहुणे मात्र एका सत्राला हजर राहिले नाहीत. तिच्या नवऱ्याने त्यांना बसच्या गोष्टी सांगायला घेतल्या होत्या आणि ते घाटातल्या ब्रेक फेल झालेल्या गाडीपाशी अडकले होते. चिटणीसांनी त्यांना माफ केलं.

पुढच्या सोमवारी लेखापालाकडून एक पत्र आलं: फीत कोणी खरेदी केली याचा खुलासा करावा. बाईने आवकचा शिक्का मारला आणि कोणाकडे पाठवायचं ते पाहिलं. पत्र तिलाच होतं. तिने ते स्वतःच्या उजव्या हाताला ठेवलं, चहा प्यायला, मग नीट वाचलं. खाली सही साहेबांचीच. ती तशीच त्यांच्या खोलीत गेली.

"साहेब, नियमाप्रमाणे सगळ्यात स्वस्त फीत घेतली होती. स्वस्त होती म्हणून सुटली."

साहेबांनी कागद पाहिला आणि कानापर्यंत लाल झाले. "मी ही सही वाचून केली नव्हती, बाई."

"ते आम्हाला माहीत आहे," बाई म्हणाली. साहेबांनी कागद फाडला. दोघंही हसले, या वेळी दार उघडं असताना.

अनुदान उशिरा का होईना, आलं. सरकारी तपासनीसाने शेरा मारला होता की प्रतिनिधी शेवटपर्यंत सभागृहात बसलेले आढळले, असं या योजनेत प्रथमच घडलं. ज्यांनी पलंग दिले होते त्यांना त्यातून मोबदला मिळाला, आणि घोरणाऱ्या आजोबांनी त्यातून पाहुण्यांसाठी नवी गादी केली. लिफ्ट चालते. रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन येतात आणि वर-खाली करतात. साहेब जिन्याने जातात. व्यायाम होतो, असं ते सांगतात.

परिषदांचं काम कायमचं बाईकडे आलं. पगार तोच, टेबल एक वाढलं. हिवाळ्यात घड्याळजींची संघटना येणार असं ठरलं, त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, दोन घड्याळजी आपल्याकडे उतरतील."

भिंतीवरचं घड्याळ किती वर्षांपासून बंद होतं, ते त्या घरात कोणालाच आठवत नव्हतं. नवऱ्याने स्टूल लावून ते खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि पाहुण्यांच्या खोलीत, अगदी उशाशी, नेऊन ठेवलं.